आपल्यापुरती जागा

"पण हे भायेरच्या कुणाला ऐकू जाणार न्हाई न्हवं?" आदगोंडा अण्णांनी विचारलं.

एवढं एक वाक्य विचारायला त्यांना जवळजवळ मिनिटभर लागलं. 'भायेरच्या'मधल्या पहिल्याच अक्षरावर ते अडकले. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे गच्च मिटले आणि मग कुठे शब्द सुटला. आम्ही अकराजण गोल करून बसलो होतो. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही की कुणी त्यांचा शब्द पुरा केला नाही. आम्ही सगळेच तोतरे होतो.

"नाही जाणार," मी म्हटलं. "पूर्ण बंद जागा आहे ही. आपल्याशिवाय तिथं कुणी नसणार."

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मिरजेतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दर रविवारी सकाळी जमायचो. गट मी सुरू केला होता. तेव्हा मी पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. माझं तोतरेपण ऐकणाऱ्याला चटकन कळत नसे, त्यामुळे बाकीचे मला बरा झालेला माणूस समजत. "मगदूमसरांना जमलं, मग आपल्यालाही जमेल," असं शमा मुजावर नव्या माणसाला सांगायची. मी तिला कधी थांबवलं नाही.

लांबच्या गावांहून येणाऱ्यांना दर रविवारी येणं जमत नव्हतं. म्हणून रोज आवाज रेकॉर्ड करून टाकता येईल, एकमेकांचं ऐकता येईल, अशी इंटरनेटवर आपल्यापुरती एक जागा असावी असं ठरलं. व्हॉट्सॲप कुणालाच नको होतं. घरातला फोन सगळ्यांच्या हातात असतो. वसंत ऐवळे म्हणून आमच्यात एक मोटार मेकॅनिक होता. त्याच्या पोरांनी त्याचा सरावाचा आवाज पाहुण्यांना लावून दाखवला होता. तेव्हापासून तो फोनवर एक अक्षर बोलत नव्हता.

त्या रविवारी शमानं वही आणली होती. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर काचेच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून तिनं ते काम धरलं होतं. वहीत तिनं तीन जागांची नावं लिहिली होती आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात टिपणं काढली होती.

"पहिली सोडून द्या," ती म्हणाली. "परदेशी आहे, सगळं इंग्रजीत, आणि महिन्याचे पैसे आपल्याला झेपणारे नाहीत. दुसरी पुण्याची. लहान कंपनी आहे. मराठीत आहे, आणि वर्षाचे पैसे माणशी काढले तर चार चहांचे होतात. आपण हो म्हटल्याशिवाय आत कुणाला येताच येत नाही. मला ही बरी वाटते."

"आणि तिसरी?" ऐवळेनं विचारलं.

"तिसरी फुकट आहे. सगळ्यांना एक लिंक पाठवायची, ती दाबली की झालं. पण हिच्यात एके ठिकाणी लिहिलंय, 'लिंक असलेला कुणीही'. त्याचा अर्थ मला नीट लागला नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉम्प्युटरचं मला कळतं असा समज होता.

"लिंक आपल्याकडेच असणार ना?" मी म्हटलं. "मग कुणीही म्हणजे आपणच. पुण्याच्या कंपनीची मी चौकशी केलीय. त्यांची नोंदणी फार किचकट आहे. तुला जमेल, मला जमेल. अण्णांसारख्यांना झेपायचं नाही."

अण्णा आरगचे. पन्नाशी उलटलेली, पानमळा करायचे. बोटांची टोकं पानं खुडून खुडून काळपट झालेली. माझं बोलणं ऐकून त्यांनी मान खाली घातली आणि हळू, अडखळत म्हणाले, "माझ्यापायी अडवू नगासा. सोपं असंल तेच घ्या."

मग तो प्रश्न त्यांनी विचारला, बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही ना म्हणून. मी 'नाही' म्हणालो आणि फुकटची जागा ठरली. शमानं वही मिटली. तिला पटलं नव्हतं, पण तिनं वाद घातला नाही.

पहिले तीन महिने फार चांगले गेले. सकाळी सहा-सव्वासहाला पहिला आवाज अण्णांचा यायचा. मळ्यातूनच बोलायचे. मागे पाखरं, कधी मोटारीचा आवाज, पाण्याचा आवाज. पहिल्याच दिवशी त्यांनी थांबत थांबत आपली हकीकत सांगितली. दोन वर्षांमागे पहाटे त्यांच्या बायकोला, पद्माक्कांना, दम्याचा जोराचा झटका आला. घरात दोघंच. अण्णांनी डॉक्टरच्या घरी फोन लावला. पलीकडे कंपाउंडर होता. अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. कुणी चेष्टा करतंय असं वाटून त्यानं फोन ठेवला. तीनदा लावला, तिन्ही वेळा ठेवला. शेवटी अण्णा अनवाणी शेजारच्या वस्तीवर धावले, तिथल्या माणसानं फोन केला, आणि बाई वाचल्या.

म्हणून अण्णा रोज एकच निरोप म्हणायचे. "मी आरगहून आदगोंडा नाईक बोलतोय. घरी पेशंट हाय. श्वास लागलाय. गाडी पाठवा."

पहिल्या दिवशी त्याला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. शमा रोज वेळ टिपून ठेवायची. तिसऱ्या महिन्यात ते पन्नास सेकंदांवर आलं होतं. 'पेशंट'च्या 'प'वर ते हमखास अडकायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, 'पेशंट'ऐवजी 'आजारी माणूस' म्हणा. अडकणार नाही."

"नगं," ते म्हणाले. "पेशंटच म्हणायचं. आयत्या येळी सोपा शबूद कुठं हुडकत बसू?"

मी आयुष्यभर तेच करत आलो होतो. अडेल असं वाटलेला शब्द टाळायचा, दुसरा घालायचा. मी 'मंगळवार' म्हणत नसे, 'परवा' म्हणत असे. माझं स्वतःचं आडनाव मी कधी सांगत नसे. फोन उचलला की "तपासणीतून बोलतोय" म्हणायचो. कारखान्यात अकरा वर्षं काढली, पण मी तोतरा आहे हे तिथल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

डिसेंबरातला एक गुरुवार होता. दुपारच्या सुट्टीत आम्ही सातआठजण डबे उघडून बसलो होतो. आवटी म्हणून स्टोअरमधला एकजण होता. त्यानं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे ऐका," तो म्हणाला. "सकाळपासून चारजणांकडून आलंय मला."

पाखरांचा आवाज आला आणि माझा घास हातात राहिला. मग अण्णा. "मी… मी… आ…" कुणीतरी त्याला मागून बँडची धून जोडली होती. अण्णा अडकले की बँड वाजायचा, शब्द सुटला की थांबायचा. 'पे… पे…'वर तर बँडबरोबर बिगुलही होता. वर अक्षरं होती, 'गाडी येतेय का बघा.'

सगळे हसत सुटले. एकाला ठसका लागला. आवटीनं पुन्हा लावलं. मी हसलो. नुसता ओठ हलवून नव्हे. त्यांच्याइतकाच हसलो, टेबलावर हात आपटून. आणि आवटीनं माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हणालो, "गाडी येईपर्यंत बायकोचं बारावं उरकेल याच्या."

टेबलावर पुन्हा हशा उसळला. आवटीनं माझ्या पाठीवर थाप मारली. ते वाक्य बोलताना मी एका अक्षरावरही अडकलो नव्हतो.

डबा तसाच झाकला आणि मी संडासात जाऊन फोन उघडला. आमच्या जागेचं सेटिंग मी पहिल्यांदा नीट वाचलं. 'लिंक असलेला कुणीही आत येऊन ऐकू व उतरवून घेऊ शकतो.' मराठीतच लिहिलं होतं, शमानं वहीत टिपलं होतं तसंच. अण्णांचा तो एक आवाज तीन हजारांवर लोकांनी ऐकला होता. लिंक आमच्यापैकी कुणाच्या तरी फोनवरून बाहेर गेली असणार, चुकून किंवा घरच्या कुणाकडून. ती कुणी उचलली ते आजवर कळलं नाही. मी तिथंच उभं राहून ती जागा बंद करून टाकली.

रविवारी खोलीत सातजण आले. अण्णा आले नव्हते.

"आपल्यातल्याच कुणीतरी दिलंय," एकजण म्हणाला. "बंद जागा होती ना? मग बाहेर गेलंच कसं?"

"अण्णांशी वाकडं कुणाचं होतं?" दुसऱ्यानं विचारलं, आणि माना ऐवळेकडे वळल्या. महिनाभरापूर्वी बोलायला कुणाला किती वेळ द्यायचा यावरून ऐवळेचं अण्णांशी जरा वाजलं होतं. एवढंच.

ऐवळे बोलायचा प्रयत्न करू लागला. रागानं त्याचं अडखळणं नेहमीच वाढायचं. "म… मी…" एवढंच निघत होतं. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. कुणाला ती कबुलीच वाटली. मला सगळं ठाऊक होतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी टेबलाच्या कडेचं सुटलेलं लाकूड नखानं काढत बसलो. ऐवळे उठला, खुर्चीला लाथ मारून निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

सगळे पांगल्यावर शमा थांबली.

"सर, ते 'लिंक असलेला कुणीही' होतं ना," ती म्हणाली, "त्यातूनच झालं असणार."

"असेल."

"पुण्याच्या कंपनीत तुम्ही फोन केला होता का? मी नंतर त्यांचं पान पुन्हा वाचलं. नोंदणी म्हणजे फक्त एक फोन आहे. गट चालवणाऱ्यानं एकदा बोलायचं, नाव सांगायचं, गट कशाचा ते सांगायचं. बाकी ते सगळं करून देतात. त्यात किचकट काय होतं?"

"केला होता मी फोन," मी म्हटलं. "त्या वेळी वेगळं काहीतरी सांगितलं त्यांनी."

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पिशवी उचलली.

त्याच दुपारी मी आरगला गेलो. अण्णांचं घर मळ्याला लागूनच होतं. ते ओसरीवर बाजारासाठी पानं लावत बसले होते. मला बघून उठले, घोंगडं टाकलं, आत बघून बोटांनीच दोन कप चहाची खूण केली. पद्माक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, किडकिडीत बाई, बोलताना मधूनच श्वास घ्यायच्या.

"तुमी त्येच सांगायला आलाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "आमी ऐकलंय. भाच्यानं आनून ऐकवलं. त्येला वाटलं मामांची गंमत करावी."

अण्णा पानं लावतच राहिले.

मी सांगितलं. जागा बंद नव्हती हे सांगितलं. शमानं विचारलं होतं, मी न वाचताच उत्तर दिलं, हे सांगितलं. चहा आला, निवला. आणि जे शमाला सांगता आलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

पुण्याला मी फोन केला होता. एकदा नाही, चारदा. दर वेळी पलीकडून एक बाई शांतपणे विचारायच्या, "आपलं नाव सांगता का?" माझ्या आडनावाला दुसरा शब्द नाही. 'म'वर ओठ मिटले की ते मिटूनच राहायचे. त्या बाई "हॅलो, हॅलो" म्हणायच्या आणि मीच फोन ठेवून द्यायचो. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "घाई नाही, सावकाश सांगा." तेव्हा तर मला फारच लाज वाटली, आणि पाचव्यांदा मी फोन केला नाही. मी बरा झालेला माणूस होतो. मला नाव सांगता येत नाही हे गटाला कसं सांगणार? म्हणून नोंदणी किचकट आहे असं म्हणालो. अण्णांना झेपणार नाही असं म्हणालो.

हे सांगायलाही मला खूप वेळ लागला. ऐनवेळी मी शब्द बदलले नाहीत. अण्णा हातातलं पान तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले, शेवटचा शब्द येईपर्यंत.

मग ते बोलले. "मला सांगायचं हुतं. आपुन समद्यांनी मिळून क… केला असता फोन. त्येच्यासाठीच तर जमत हुतो न्हवं?"

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तुमी कुठं ऐकलंसा?" पद्माक्कांनी विचारलं.

"कारखान्यात. जेवताना."

"लोक हसली असतील."

"हो."

"आनि तुमी?"

अण्णांनी त्यांच्याकडे 'नको' अशा नजरेनं बघितलं. पण त्या माझ्यावरची नजर काढेनात.

"हसलो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बाराव्याचं बोललो असतो का, ते मला सांगता येत नाही. त्या बाई माझ्यासमोर हातभर अंतरावर उभ्या होत्या, छातीवर हात धरून श्वास घेत होत्या, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी ते गिळलं. आज इथं लिहितोय, तोवर कुणाला सांगितलेलं नाही.

निघताना त्यांनी कागदात गुंडाळून पानं दिली. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कसं धाडायचं?"

पुढच्या रविवारी, ते एक वाक्य सोडून, मी गटाला सगळं सांगितलं. ऐवळेचं नाव त्यात कुठंच नव्हतं हेही सांगितलं. त्याच्या गॅरेजवर दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो गाडीखालून बाहेर आला नाही. शमानं खोलीतच, सगळ्यांसमोर, पुण्याला फोन लावला. स्वतःचं नाव सांगायला तिला पाव मिनिट लागलं, सगळं बोलणं सहा मिनिटांत आटोपलं. ती जागा अजून चालू आहे. आता तिथं सत्तरएक माणसं आहेत म्हणे. मी त्यानंतर गट सोडला. कुणी जा म्हणालं नव्हतं.

अण्णा त्या नव्या जागेत कधी आले नाहीत. शमा दोनदा आरगला जाऊन आली. ते तिच्याशी चांगलं बोलले, चहा दिला, पण फोन हातात घेतला नाही.

त्यानंतर अडीच वर्षांनी आईच्या मोतीबिंदूसाठी मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्यापुढे तीन माणसं सोडून अण्णा उभे होते. जास्त पिकले होते. मी हाक मारली नाही. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढून आत सरकवला. नाव, वय, गाव, कोणत्या डोळ्याला त्रास, सगळं ठळक अक्षरात लिहून आणलेलं होतं. कारकुनानं काहीतरी विचारलं. अण्णांनी मान हलवली आणि कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. कारकुनानं लिहून घेतलं, केसपेपर दिला. वळताना त्यांची माझी नजरानजर झाली. त्यांनी ओळख दाखवली, हात जोडले आणि पुढे गेले.

माझा नंबर आला तेव्हा कारकून शेजारच्या बाईंना सांगत होता, "मुके आहेत बिचारे. पण बघा, सगळं लिहून आणलं होतं."

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

मला म्हणायचं होतं, 'मुके नाहीत ते.' पहिल्याच अक्षरावर ओठ मिटले. 'बोलतात ते' म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य माझ्या डोक्यात तयारही होतं. मी ते घेतलं नाही. ओठ मिटलेले, मान ताणलेली, असा मी त्या खिडकीशी उभा राहिलो. कारकून हातातलं पेन थांबवून बघत होता. मागे कुणीतरी हसलं. आईनं माझा दंड धरला. लहानपणानंतर तिनं मला असं बघितलं नव्हतं.

"म… मुके नाहीत ते," मी म्हणालो. "बोलतात. माझ्यामुळं बंद झालेत."

"बरं," कारकून म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. "पेशंटचं नाव सांगा."

मी वळून बघितलं. अण्णा केव्हाच तपासणीच्या खोलीत गेले होते.